मोटारीतील विजेचा दोष : अनुमान आणि प्रमाण

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत मोटारीच्या वायरिंगविषयी लिहावे, हे काही वाचकांना विसंगत वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीने आम्हांस जो धडा दिला, तो आमच्या विषयापासून फार दूरचा नव्हता. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आणि स्वतःच्या दारात मात्र तेच विसरलो.

प्रसंग असा. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबे. कधी गाडी सुरू होई, पण मग इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांचे इशारादिवे एकदम लागत. एका गॅरेजात नवी बॅटरी बसवली. आठ दिवसांत दुखणे परतले. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, त्यात सहा-सात कोड दिसले आणि ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल’ असा निवाडा मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गाडी विकण्याच्या विचाराला लागलो. त्याच सुमारास आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि पुढे आयटीआय करून ऑटो इलेक्ट्रिशियन झालेला एक माजी विद्यार्थी घरी आला. सारी हकिगत ऐकून तो एवढेच म्हणाला, “सर, आता काही बदलू नका. आधी मोजू.”

त्याने त्या दिवशी जे दाखवले आणि समजावले, ते येथे मांडतो.

आजच्या गाडीत एक नव्हे, अनेक लहान संगणक असतात. पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र तारा ओढाव्या लागत. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धती मांडली; तीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून अनेक संगणक आपसांत निरोप देतात. त्यामुळे तारा कमी झाल्या, परंतु एका ठिकाणच्या दोषाची ओरड चार ठिकाणांहून ऐकू येऊ लागली. स्कॅनरवरील कोड ही अशीच ओरड असते. अमुक सेन्सरचा कोड आला म्हणजे तो सेन्सर मेला असे नव्हे. त्याची तार, त्याचा कपलर किंवा त्याला मिळणारा पुरवठा, यांपैकी काहीही बिघडलेले असू शकते. कोड ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि परस्परांशी संबंध नसलेले अनेक साक्षीदार एकाच वेळी तक्रार करू लागले, तर त्या सर्वांना समान असलेली गोष्ट आधी तपासावी : पुरवठा, अर्थ आणि निरोपाच्या तारा.

त्याने प्रथम गाडी बंद असताना बॅटरी मोजली : १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन्ही ध्रुवांवर मोजले : ११ व्होल्ट, हेही ठीक. त्यानंतर मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण ध्रुवावर आणि दुसरी गाडीच्या सांगाड्यावर ठेवून पुन्हा सेल्फ मारला. तेथे २ व्होल्ट दिसले. एरवी हा आकडा ०.२ च्या आत असावा. बॅटरीतून निघालेली वीज काम करून सांगाड्यावाटे ऋण ध्रुवाकडे परतते. त्या परतीच्या वाटेवरच २ व्होल्ट खर्ची पडत होते. संगणकांच्या वाट्याला जेमतेम ९ उरत, म्हणून ते गोंधळून दिवे लावत. ऋण केबलच्या टोकाचे वेष्टन सोलले, तेव्हा आत तांब्यावर हिरवा थर चढून बहुतेक पाती तुटलेल्या निघाल्या.

येथे एक इशारा महत्त्वाचा. हीच केबल काढून मीटरच्या ‘बीप’वर तपासली असती, तर मीटरने ती निर्दोष ठरवली असती. एक पाती शिल्लक असली तरी बीप वाजतो. परंतु त्या पातीतून सेल्फला लागणारा प्रवाह जाऊ शकत नाही. तार कामावर असतानाच तिची परीक्षा घ्यावी.

रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर पद्धत निराळी. गाडी बंद करून, दारे लावून, सुमारे अर्धा-पाऊण तास थांबावे; तेवढ्यात संगणक झोपी जातात. मग सामान्यतः ५० मिलिॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू नये. अर्धा ॲम्पिअरची गळती ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिती करते. गळती शोधताना फ्यूज उपटू नयेत, कारण त्याने झोपलेले संगणक जागे होऊ शकतात. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन बिंदूंमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत. जेथे आकडा दिसेल, त्या फ्यूजमधून प्रवाह वाहत आहे. निरोपाच्या तारांचा संशय असल्यास बॅटरी सोडून त्या दोहोंमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्याने तो बहुधा ६० भरतो. १२० भरल्यास एका टोकाकडची वाट तुटली आहे असे समजावे.

मात्र पिवळ्या कपलरच्या एअरबॅग-तारा आणि हायब्रिड वा विद्युत गाड्यांतील नारिंगी केबली यांना घरच्या मीटरने हात लावू नये. तेथे जिवाशी गाठ असते.

आमची गाडी एका केबलवर दुरुस्त झाली. कॉम्प्युटर जुनाच आहे आणि दिवे पुन्हा लागले नाहीत. ‘मुलगा आयटीआयला गेला’ हे काही पालक आजही उतरल्या स्वरात सांगतात. त्यांनी ही हकिगत ध्यानात घ्यावी. त्या दिवशी आमच्या अंगणात पुराव्याने विचार करणारा माणूस एकच होता, आणि तो आम्ही नव्हतो. वाचकांना विनंती एवढीच : महागडा भाग बदलण्यास होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. काय मोजले? कोठे मोजले? किती भरले?