सूर्य रात्रपाळी करत नाही

ज्वारीला पाणी द्यायला माणसानं रात्री दोन वाजता का उठावं? पीक काही रात्रीच तहानत नाही. पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या माथ्यावर, कुणालाही विचारा. उत्तर येईल: लाईट तेव्हाच येते! (हे पाटोदा बीड जिल्ह्यातलं, मांजरेच्या उगमाचं. आदर्श गाव म्हणून गाजलेलं पाटोदा संभाजीनगरजवळचं, ते वेगळं.)

शेतीपंपाला थ्री फेज वीज लागते आणि ती साऱ्यांना एकदम पुरवणं जमत नाही. म्हणून पाळ्या लागल्या, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. थंडी, चिखल, साप हे तर रोजचंच. 2020च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा रात्रीचं दारं धरणं अक्षरशः जिवावरचं काम झालं.

आता गंमत बघा. सौरऊर्जेवर जगभर पहिला आक्षेप काय? सूर्य रात्री नसतो! पण पाटोद्याच्या शेतकऱ्याला रात्रीची वीज हवीय कुठे? जगाची अडचण इथे वरदान ठरते. शिवाय ऊन तापतं तेव्हाच पिकाची तहान वाढते आणि पॅनेलमधून वीजही तेव्हाच भरपूर येते. महागडी बॅटरी कशाला? पाणी उपसून शेततळ्यात सोडलं की साठवण झाली.

त्या पॅनेलमध्ये घडतं तरी काय? हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही, धूर नाही. मूळ माल वाळूतून काढलेलं सिलिकॉन. त्याच्या पातळ चकतीत एका बाजूला किंचित बोरॉन, दुसऱ्या बाजूला किंचित फॉस्फरस मिसळतात. दोन थर भिडतात तिथं विजेचा एक कायमचा उतार तयार होतो. सूर्यावरून आठ मिनिटं वीस सेकंद प्रवास करून आलेला प्रकाशकण इलेक्ट्रॉनला धक्का देतो, इलेक्ट्रॉन सुटतो आणि उतारावरून एकाच दिशेनं ढकलला जातो. झाला प्रवाह सुरू! प्रकाशातून वीज उमटते हे एदमों बेकरेलनं 1839 साली पाहिलं, तेव्हा तो अवघा 19 वर्षांचा होता. 1954 साली बेल प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा सेल उन्हाच्या जेमतेम सहा टक्के ऊर्जेची वीज करू शकला. आजची पॅनेलं वीस टक्क्यांच्या पुढे गेलीत.

पण मला याहून थक्क करते ती तारांची युक्ती. राज्यात बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर (म्हणजे वीजवाहिनी) आणि शेतीचा फीडर आधीच वेगळे केलेले होते. मग प्रत्येक विहिरीवर पॅनेल कशाला? उपकेंद्राशेजारी एक प्रकल्प उभारा, त्याची वीज शेतीच्या फीडरला द्या, की शेकडो जुने पंप जागेवरच सौर झाले! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली आणि 2023 साली तिचा दुसरा, मोठा टप्पा. त्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. ज्यांच्याकडे वीजजोडणीच नाही त्यांच्यासाठी वेगळा सौरपंप आहे. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच.

लोकांना हे पटतं का? दिवसा लाईट म्हटलं की सगळेच हो म्हणतात. प्रश्न येतो जमिनीचा. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागते. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळाला एवढं उत्पन्न कोण देतं? पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव हवं. भूमिहीनाच्या वाट्याला काही आलं तर ते ग्रामपंचायतीमार्फतच. तिला वर्षाला पाच लाख मिळतात, तीन वर्षं.

प्रकल्पांसाठी सरकारी जमीनही वापरतात, म्हणून नजर गायरानाकडे वळते. कागदावर ते मोकळं असतं. प्रत्यक्षात कुणाची ज्वारी, कुणाच्या शेळ्या. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं मराठवाड्यात याच जमिनींसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. गायरान द्यायचं की नाही, हे ग्रामसभेत बोलता येईल. पण ती सभा दिवाळीनंतर ठेवली, तर गायरान कसणाऱ्यांतले बरेच जण तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत असतात.