सातारा व सांगली जिल्ह्यांतील एस. टी. बसगाड्या : प्रकार, देखभाल आणि प्रवाशांची पसंती

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात एस. टी.चे स्थान केवळ वाहतुकीच्या साधनाचे नाही. बाजार, दवाखाना, कचेरी आणि महाविद्यालय या चारही ठिकाणी पोहोचण्याचा अनेक गावांचा तो एकमेव भरवशाचा मार्ग होय. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत गाड्यांचे प्रकार बदलले, इंजिने बदलली, आसने बदलली. यांपैकी कोणती गाडी चांगली, हा प्रश्न कार्यशाळेत, आगारात आणि थांब्यावर नेहमी विचारला जातो. मात्र तिन्ही ठिकाणी ‘चांगली’ या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. यांत्रिकाला दुरुस्तीस सोपी गाडी चांगली वाटते, आगार व्यवस्थापकाला कमी डिझेलमध्ये अधिक उत्पन्न देणारी, तर प्रवाशाला वेळेवर येणारी. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या तीन दृष्टिकोनांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन जिल्हे, दोन भूरचना

हे दोन्ही जिल्हे मूळचे एकच. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. प्रशासकीय इतिहास सामायिक असला तरी बसगाडीच्या दृष्टीने दोहोंची भूमी सारखी नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचे घाट आहेत. वाईहून पाचगणीस जाताना पसरणीचा, मेढ्याहून महाबळेश्वरला जाताना केळघरचा, तर पाटणकडून चिपळूणला उतरताना कुंभार्लीचा घाट लागतो. या भागात पावसाळ्याचे चार महिने धुके, ओल आणि निसरडा रस्ता यांचे असतात. पूर्वेकडील माण-खटाव मात्र कोरडा व धुळीचा.

सांगली जिल्ह्यात शिराळ्याचा डोंगराळ भाग वगळता कृष्णा-वारणेचे सपाट खोरे, काळी जमीन आणि ऊसपट्टा आहे. पूर्वेस आटपाडी व जतचा दुष्काळी टापू आहे. सांगली–मिरज–कुपवाड या जोडशहरांत शहरी स्वरूपाची, थोड्या थोड्या अंतरावर थांबणारी वाहतूक चालते, तर जतसारख्या विस्तीर्ण तालुक्यात थांब्यांमधील अंतर मोठे असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णाकाठच्या वाहतुकीला बसणारा तडाखाही दाखवून दिला. एवढ्या विविधतेवर एकाच नमुन्याची गाडी सारखीच यशस्वी ठरावी, ही अपेक्षा मुळातच अवास्तव आहे.

गाड्यांचे प्रकार

एस. टी.च्या ताफ्याचा कणा म्हणजे साधी लाल गाडी. टाटा अथवा अशोक लेलँड कंपनीची चासी घ्यावयाची आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत तिच्यावर सांगाडा चढवावयाचा, ही महामंडळाची दीर्घकालीन पद्धती होती. टाटाच्या जुन्या चासींचे क्रमांक वाचता आले तर गाडीची क्षमता कळते. ‘१५१२’ या क्रमांकातील पहिले दोन अंक भारासह एकूण वजन सुमारे १५ टन असल्याचे सांगतात, तर शेवटचे दोन अंक शक्ती सुमारे १२० अश्वशक्ती असल्याचे सुचवितात. अशोक लेलँडने १९८० च्या दशकात जपानच्या हिनो कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित इंजिने आणली आणि पुढे तीच मालिका विकसित होत गेली. २०२४ साली याच कंपनीकडे महामंडळाने ‘वायकिंग’ जातीच्या २,१०४ पूर्ण बांधणीच्या गाड्यांची मागणी नोंदविली; या गाड्यांचे इंजिन १९७ अश्वशक्तीचे आहे. म्हणजे साध्या गाडीची शक्ती दीडपटीहून अधिक वाढली.

साध्या गाडीच्या वरच्या श्रेणीत निमआराम गाडी येते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांवरून तिला ‘एशियाड’ हे नाव पडले व पुढे ‘हिरकणी’ या नावानेही ती ओळखली गेली. त्यानंतर वातानुकूलित ‘शिवनेरी’, २०१७ पासून ‘शिवशाही’ आणि १ जून २०२२ पासून विजेवर चालणारी ‘शिवाई’ अशी भर पडत गेली. अरुंद रस्त्यांसाठी ‘यशवंती’ नावाच्या मिडी गाड्याही आणल्या गेल्या. आसनरचनेतही बदल झाला. एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस दोन आसने असलेल्या अकरा रांगांत पंचावन्न प्रवासी बसतात. दोन्ही बाजूंस दोन-दोन आसने केली की तेवढ्याच रांगांत चव्वेचाळीस. प्रवाशाला मिळालेल्या ऐसपैस जागेची किंमत फेरीमागे अकरा आसने एवढी असते. गर्दीच्या वेळी ती किंमत उभ्याने प्रवास करणारा विद्यार्थी मोजतो.

घाटाचे गणित

गाडीचा प्रकार व मार्ग यांचा संबंध एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. वाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, तर पाचगणीची सुमारे १,३०० मीटर आहे. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरच्या रस्त्यात ५८० मीटर चढावयाचे. भरलेली गाडी १४ टनांची धरल्यास केवळ ती उंची गाठण्यासाठी सुमारे ८० मेगाजूल, म्हणजे विजेच्या भाषेत २२ युनिट ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा असते आणि तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो. यावरून नुसत्या चढासाठीच सुमारे साडेसहा लिटर डिझेल खर्ची पडते. सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर याच्या सुमारे निम्म्या इंधनात पार होते. म्हणूनच वाई किंवा महाबळेश्वर आगाराच्या डिझेल-सरासरीची तुलना मिरज आगाराशी करणे न्याय्य ठरत नाही.

उतारावर हीच ऊर्जा परत येते आणि तिला कोठे तरी जिरवावे लागते. काही भाग रस्त्याचे व हवेचे घर्षण घेते, काही भाग खालच्या गिअरमधील इंजिन. उरलेली सर्व उष्णता ब्रेक ड्रम व लायनर यांच्या वाट्यास येते. त्यामुळे घाटातील गाडीचे लायनर लवकर झिजतात आणि चढावरच्या वारंवार गिअर बदलांमुळे क्लच प्लेटही लवकर बदलावी लागते. विजेवरील गाडी उतरताना या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरू शकते. ब्रेकवरील ताणही त्यामुळे कमी होतो. चार्जिंगची खात्रीशीर सोय असल्यास घाटमार्ग हा विजेच्या गाडीचा अडथळा न ठरता बलस्थान ठरू शकतो.

देखभालीचे स्वरूप

एस. टी.ची देखभाल तीन पातळ्यांवर चालते. आगारात दररोजची तपासणी व ठरावीक दिवसांनी येणारी नियमित देखभाल होते, विभागीय कार्यशाळेत मोठी दुरुस्ती होते आणि मध्यवर्ती कार्यशाळांत बांधणी व पुनर्बांधणी होते. जुन्या इंजिनांचा मोठा गुण असा की, त्यांचा बहुतेक बिघाड कानाला, नाकाला व हाताला कळत असे. अनुभवी यांत्रिक आवाजावरून दोष ओळखे आणि रस्त्यावरच पाना फिरवून गाडी चालती करी.

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले व चित्र पालटले. नव्या गाडीच्या धुरातील काजळी गाळणीत अडकते आणि धूर पुरेसा तापला म्हणजे ती जळून गाळणी स्वच्छ होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी युरियाचे द्रावण फवारले जाते. ही रचना हवेच्या दृष्टीने निश्चितच हितावह आहे; तथापि तिचे काही पथ्य आहे. सांगली–मिरज यांसारख्या थांबत-थबकत होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत धूर पुरेसा तापत नाही व गाळणी तुंबण्याची शक्यता वाढते. लांब पल्ल्यावर किंवा चढावर हा त्रास कमी असतो. द्रावणात धूळ वा अशुद्ध पाणी गेल्यास बिघाड होतो. दोष शोधण्यासाठी संगणकीय तपासणी यंत्र लागते. ते नसेल तर कुशल यांत्रिकही हतबल ठरतो. पुराच्या पाण्यात बुडालेली जुनी गाडी धुऊन, तेल बदलून पुन्हा उभी करता येत असे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाडीची तेवढी सहज सुटका होत नाही.

आणखी एक मुद्दा ताफ्याच्या एकजिनसीपणाचा. उदाहरणादाखल, एका आगारात साठ गाड्या एकाच नमुन्याच्या असतील तर चार राखीव गाड्या व सुट्या भागांचा एकच साठा पुरेल असे मानू. त्याच साठ गाड्या तीन नमुन्यांच्या असतील तर प्रत्येक नमुन्याचे क्लच, लायनर, पाटे व गाळण्या स्वतंत्र ठेवाव्या लागतात. मग एका नमुन्याचा भाग संपला की दुसऱ्याचा साठा भरलेला असूनही गाडी उभी राहते. नमुन्यांची विविधता कागदावर समृद्धीची वाटते. आगारात तिचे रूपांतर अनेकदा रद्द फेऱ्यांत होते.

प्रवाशांची पसंती

पसंतीचा विचार करताना अर्थशास्त्रातील एक भेद उपयुक्त ठरतो. माणूस विचारल्यावर जे सांगतो ती व्यक्त पसंती आणि पर्याय समोर असताना प्रत्यक्ष जे निवडतो ती प्रकट पसंती. दुसरी संकल्पना पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ साली मांडली. थांब्यावर विचारल्यास प्रवासी गादीचे आसन, स्वच्छता व थंड हवा यांचा उल्लेख करील. प्रत्यक्ष निवड वेगळे सांगते. साताऱ्याहून पुण्याच्या स्वारगेटला जाणाऱ्या विनाथांबा फेऱ्या लोकप्रिय आहेत. त्यांचे आकर्षण गाडीच्या जातीत नसून ती मध्ये थांबत नाही आणि एक गेली की लवकरच दुसरी लागते यात आहे. याउलट, एस. टी.ची वेळ अनिश्चित झाली की प्रवासी दाटीवाटीच्या वडापमध्ये बसतो. सुखसोयींच्या बाबतीत वडाप कोणत्याही लाल गाडीहून निकृष्टच. तरीही ते निवडले जाते, कारण ते समोर उभे असते.

सवलतींनी या पसंतीला नवे परिमाण दिले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. भाड्याचा अडसर दूर झाला, पण पायरीचा राहिला. मालवाहू धाटणीच्या चासीवर बांधलेल्या साध्या गाडीचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. शहरी वाहतुकीसाठीच्या निमखालच्या तळाच्या गाडीत ही उंची ६५० मिलिमीटर व खालच्या तळाच्या गाडीत ४०० मिलिमीटर असते. गुडघेदुखी असलेल्या वृद्धेच्या दृष्टीने मोफत तिकिटाइतकाच हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र खालच्या तळाची गाडी जतच्या खाचखळग्यांत किंवा केळघरच्या वळणांवर चालणार नाही. ती सांगली–मिरज मार्गावर किंवा साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा अशा शहरी फेऱ्यांवरच शोभेल.

खात्रीचे मोल

फेरी रद्द झाल्याने होणारे नुकसान सर्वत्र सारखे नसते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दहा मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावर एक फेरी रद्द झाली तर प्रवाशाची दहा मिनिटे जातात. तासाने गाडी असेल तर तास जातो. पाटण वा जत तालुक्यातील एखाद्या गावाला दिवसातून तीनच फेऱ्या असतील आणि सकाळची मुक्कामी गाडीच सुरू झाली नाही, तर विद्यार्थ्याचा संपूर्ण दिवस जातो. थोडक्यात, फेऱ्या जितक्या विरळ तितके गाडीच्या खात्रीचे मोल अधिक.

सर्वसाधारण प्रथा मात्र याच्या उलट आहे. नवी गाडी अधिक उत्पन्नाच्या लांब मार्गावर जाते आणि काही लाख किलोमीटर धावून झाल्यावर तीच ग्रामीण फेरीस उतरते. प्रति किलोमीटर उत्पन्न व भारमान या निकषांवर हे योग्यच दिसते. परंतु रद्द फेरीमुळे बुडालेला तास, चुकलेली परीक्षा किंवा पालकांनी ‘रोजची खात्री नाही’ म्हणून थांबविलेले मुलीचे शिक्षण यांची नोंद त्या निकषांत होत नाही. ग्रामीण विद्यार्थिनींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. तो पास सार्थ ठरण्यासाठी थांब्यावर गाडी यावी लागते. वाहतुकीची साधने नसताना कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दूरच्या गावांतील मुलांसाठी वसतिगृहे उभारली. एस. टी.ने हे अंतर एका दिवसात जाऊन परत येण्याइतके कमी केले. बेभरवशाची गाडी ते पुन्हा वाढविते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सर्वोत्तम बसगाडी अशी स्वतंत्र वस्तू नसते. मार्गास, आगाराच्या कौशल्यास व प्रवाशाच्या गरजेस जुळणारी गाडी असते. घाटमार्गास पुरेशी शक्ती व भरवशाचे ब्रेक, तसेच पुढे विजेची गाडी. जोडशहरांस खालच्या तळाची, रुंद दारांची गाडी. दुष्काळी टापूस मजबूत पाट्यांची व साध्या रचनेची गाडी, असे वाटप अधिक सयुक्तिक ठरेल. एका आगारात शक्यतो एकाच नमुन्याच्या गाड्या ठेवाव्यात आणि नव्या गाड्यांसोबतच तपासणी यंत्रे व प्रशिक्षणही पोहोचवावे. विरळ फेऱ्यांच्या गावांना जुनी गाडी द्यावयाचीच असेल तर आगारातील उत्तम निगा राखलेली द्यावी व तिच्यासाठी राखीव गाडीची तरतूद करावी.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. कोणत्या गावची फेरी कोणत्या दिवशी आली नाही, याची माहिती हजेरीपटात अप्रत्यक्षपणे दडलेली असते. ती संकलित करून आगारास नियमित कळविल्यास उत्पन्नाच्या आकड्यांत न दिसणारा प्रवासी नियोजनात दिसू लागेल. गाडीचे मूल्यमापन ती किती धावली यावर होते. ज्या दिवशी ती धावली नाही त्या दिवशी वर्गात कोण नव्हते, याचाही हिशेब त्यात असावयास हवा.