उन्हाळ्यात गाडीची काळजी : चकाकीआधी टायर बघू

बीडमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात धुळे-सोलापूर महामार्गावर टायर फुटला, तर गाडीतलं सगळं कुटुंब धोक्यात. म्हणून हवा आपण सकाळी, टायर थंड असतानाच तपासू. किती भरायची, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतं. स्टेपनीही बघू. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. उकळतं पाणी अंगावर उडतं.

धुवायला पाइप कशाला? सावलीत बादलीभर पाणी, मऊ कापड पुरे. धूळ आधी भिजवू. कोरडी पुसली की ओरखडे पडतात. बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग पडू नयेत म्हणून लगेच पुसून घेऊ. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात एवढी बचत आपल्याला करायलाच हवी.