रूळ मोकळा आहे, कशावरून?

पंधरा डब्यांची विरार लोकल ८७ पटींनी लहान केली, तरी ती साडेतीन मीटरांहून लांब भरते. वसई-विरारमधल्या वन रूम किचनच्या हॉलची एक भिंत तेवढ्यातच संपते. ८७ हा आकडा ‘एचओ’ या मापाचा. घरगुती मॉडेल रेल्वेत जगभर हेच माप सर्वाधिक चालतं. त्यातल्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं, कारण युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुंदीला ८७ने भागलं की तेवढं उरतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. बाजारातल्या रुळांवर उभी केलेली आपली लोकल त्यामुळे जरा अरुंद पायांवर उभी राहते. डोळ्यांना ते फारसं खुपत नाही.

वेग मात्र खुपतो. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी टेबलावर सेकंदाला ३२ सेंटिमीटर धावायला हवी. एवढ्या वेगात सहा मीटरची फेरी १९ सेकंदांत पुरी होते. वसई रोड ते विरार हे अंतर प्रत्यक्षात जेमतेम आठ किलोमीटर, पण ८७ने भागूनही ते नव्वद मीटरांच्या पुढे जातं, आणि चर्चगेटपर्यंत रूळ टाकायचा तर जवळपास ६९० मीटर लागेल. म्हणजे अंतर कापावंच लागतं. नालासोपारा वगळा, दोन सिग्नल कमी करा, चालेल. गाडी थांबवायला लागणारं अंतर मात्र मनाला येईल तसं कापता येत नाही. ते भौतिकशास्त्र ठरवतं.

लोकलचा वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद या दराने उतरवला, असं धरू. ताशी १००वरून ती सुमारे ४८० मीटरांत थांबेल. मॉडेलमध्ये तेच साडेपाच मीटर झाले, आणि एवढी खोली कोणाकडे आहे? पण ताशी ६०वरून थांबायला १७४ मीटर पुरतात, म्हणजे टेबलावर बरोबर दोन मीटर. माझं मत असं की घरच्या रेल्वेचा कमाल वेग ६०च ठेवावा. त्या वेगाला गाडी खऱ्या लोकलसारखी २१ सेकंद घेत, अदबीने फलाटाला लागते. १००ने पळवून शेवटच्या वीतभर अंतरात दाबून थांबवली, तर ती खेळणं दिसते.

हे हळूहळू थांबणं गाडीच्या अंगात नसतं, हेही लक्षात घ्यायला हवं. लांबी ८७ पटींनी कमी झाली की वस्तुमान ८७चा घन, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होतं. विरारवरून धडाडत जाणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. या हिशेबाने त्याचं मॉडेल १८७ ग्रॅमचं व्हावं. वेगही ८७ पटींनी कमी असल्यामुळे गतिज ऊर्जा जवळपास ५०० कोटी पटींनी घटते. चाकांतलं आणि गिअरमधलं घर्षण काही तेवढं घटत नाही. म्हणून वीज तोडताच मॉडेल जागच्या जागी गचकतं. खऱ्या गाडीचं जडत्व इथे गणिताने उसनं आणावं लागतं, आणि त्यासाठी गाडी कुठे आहे नि किती वेगात आहे, हे सतत माहीत असावं लागतं.

निम्मं काम इंजिनातली चिप करते. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेलं ‘डीसीसी’ हे मानक अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात स्वीकारलं. त्यात रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्याची दिशा सारखी पालटत राहते. एका दिशेत ते ५८ मायक्रोसेकंद टिकलं तर ‘१’, १०० किंवा जास्त टिकलं तर ‘०’. या शून्य-एकांतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम पोचतो. चिप मोटरचा पुरवठा क्षणभर तोडते. फिरत राहिलेली मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते आणि तिने निर्माण केलेल्या व्होल्टेजवरून चिपला मोटरचा वेग कळतो. चढावर गाडी मंदावू लागली की चिप आपणहून जोर वाढवते.

पण या चिपला फक्त मोटरचे फेरे कळतात. विरारचा फलाट अजून किती लांब आहे, हे तिला ठाऊक नसतं. ते रुळालाच सांगावं लागतं. यासाठी रुळात एक मीटर अंतरावर दोन सेन्सर बसवतात. पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत गाडीला ५.२ सेकंद लागले, तर वेग ताशी ६०. वेगाच्या प्रत्येक पायरीला अशी मोजणी करून संगणक प्रत्येक इंजिनाचं स्वतंत्र कोष्टक तयार करतो, कारण एकाच कारखान्यातून आलेली दोन इंजिनंही सारखी धावत नाहीत. पुढे फलाटाच्या दोन मीटर आधीच्या सेन्सरवर गाडी पोचली की कोष्टकावरून वेग उतरवायला सुरुवात होते.

कोष्टकात पाच टक्के चूक असली तर गाडी दहा सेंटिमीटर पुढेमागे थांबते. खऱ्या मापात हे झाले पावणेनऊ मीटर, जवळजवळ अर्धा डबा. दार नेमकं कुठे येतं ते पाहून फलाटावर उभा राहणारा विरारकर एवढी चूक कधी खपवून घेणार नाही. त्यावर उपाय म्हणजे थांबायच्या जागेआधी ३० सेंटिमीटरवर आणखी एक सेन्सर. गाडी त्यावर आली की मागची सगळी चूक पुसली जाते. उरलेल्या तीस सेंटिमीटरांतली पाच टक्के चूक म्हणजे दीड सेंटिमीटर. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८पासून याच एचओ मापाचं अख्खं शहर लोकांसमोर चालतं, आणि एकच माणूस संगणक व कंट्रोल पॅनेलवरून ते सांभाळतो. त्याच्या मागे अशा असंख्य छोट्या मोजण्यांची शिस्त असते.

इथवर सगळं वेगाबद्दल झालं. यापुढचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो: सेन्सरच बिघडला तर?

याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाची सुरुवातही मॉडेलपासूनच झाली होती. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने आपल्या स्वयंचलित सिग्नलचं मॉडेल १८७०मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात मांडलं, आणि मग पेनसिल्व्हेनियात किंझुआ इथे ती यंत्रणा खऱ्या रुळावर बसवली. गाडी भागात शिरताना चाकाने एक खटका दाबायचा, सिग्नल लाल व्हायचा. बाहेर पडताना दुसरा खटका दाबला की सिग्नल मोकळा. यंत्रणा चालली, पण तिच्यातली खोट त्याच्या लक्षात आली. गाडी मध्येच तुटून मागचे डबे तिथेच राहिले, तरी पुढचा भाग दुसरा खटका दाबून रूळ मोकळा असल्याचं जाहीर करणार. तार तुटली तर गाडी येऊनही सिग्नल लाल होणारच नाही. यंत्रणा आजारी पडली की नेमकं ‘सगळं ठीक आहे’ म्हणणार.

रॉबिन्सनने मग विचार उलटा केला. १८७२मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळाचा एक भाग दोन्ही टोकांना शेजारच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेला असतो. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असताना वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरते, दुसऱ्या रुळातून परत येते. ही वीज रिलेला उचलून धरते, तोवरच सिग्नल हिरवा. गाडी आली की तिची चाकं नि आस दोन रूळ जोडतात, वीज तिथूनच माघारी फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तडकला, तरी रिले पडतो. एक डबा जरी मागे राहिला तरी रिले पडलेलाच राहतो. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, तेव्हा या शोधाला अजून पाच वर्षं होती. आज याच मार्गावर एकामागोमाग एक लोकल धावतात, त्या रुळाकडून मिळणाऱ्या या ग्वाहीवर विसंबून.

वसई-विरारकरांनी या तत्त्वाची किंमत स्वतः मोजली आहे. जुलै २०१८च्या पावसात वसई ते विरार रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या. पाणी भरलं की दोन रुळांमधली ओली, गाळाने भरलेली खडी वीज वाहू लागते, आणि रिलेला ती गाडीच वाटते. रुळावर गाडी नसताना सिग्नल लाल का, म्हणून अडकलेला प्रवासी चिडतो, आणि त्याचं चिडणं समजण्यासारखं आहे. पण शंका आली की थांबणं, हीच त्या सर्किटची रचना आहे. जिथे ओल्या खडीचा त्रास फार, तिथे अॅक्सल काउंटर उपयोगी पडतो: भागात शिरलेले आस आणि बाहेर पडलेले आस मोजायचे, आकडे जुळले तरच रूळ मोकळा. मुंबईच्या लोकलमधली सहायक इशारा यंत्रणा सिग्नलपाशी रुळालगत बसवलेल्या चुंबकाकडून सिग्नलचा रंग गाडीत पोचवते. मोटरमनने दखल घेतली नाही तर ब्रेक लागतात. जुलै २०२०मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलेलं ‘कवच’ स्लीपरवरच्या आरएफआयडी टॅगवरून गाडीची जागा ओळखतं आणि रेडिओवरून पुढची मोकळीक विचारतं.

आता घरच्या टेबलाकडे पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी रॉबिन्सनची किंझुआची चूकच नव्याने मांडलेली दिसते. डीसीसीच्या मांडणीत रुळाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातली वीज मोजतात: इंजिन वीज खातं, म्हणजे गाडी आहे, वीज वाहत नाही, म्हणजे तुकडा रिकामा. तुकड्याची तार निखळली तरी वीज वाहत नाही, आणि संगणक तिथे उभ्या असलेल्या गाडीवर दुसरी गाडी खुशाल सोडतो. समुद्राकाठच्या दमट हवेत रुळांवर मळी धरते, चाकाचा संपर्क तुटतो, तेव्हाही तेच. इन्फ्रारेड सेन्सरमध्येही हा भेद आहे. स्लीपरखालून वर प्रकाश टाकून डब्यावरून परत येणारा किरण पाहणारा सेन्सर दिवा विझला की आंधळा होतो आणि रूळ मोकळा सांगतो. एका बाजूला दिवा, समोर ग्राहक, असा आडवा किरण लावला, तर दिवा विझताच संगणकाला वाटतं गाडी आहे. किंमत जवळपास तीच, जोडणीही सोपी. मला विचाराल तर घरात आडवा किरणच लावावा.

जिथे वीज मोजण्याशिवाय इलाज नसतो, तिथे शहाणपण प्रोग्रॅममध्ये घालावं लागतं. तिसऱ्या तुकड्यातली गाडी हवेत विरून जात नाही. ती चौथ्यात उगवायलाच हवी, आणि कोष्टकातल्या वेगाप्रमाणे ठरावीक सेकंदांत. तसं झालं नाही तर त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या थांबवायच्या. मांडणी पुरी झाली की गाड्या चालू ठेवून सेन्सरची एकेक तार उपसून पाहावी. ज्या तारेला गाड्या थांबल्या नाहीत, तिथली जोडणी बदलायची.

तुटून मागे राहणाऱ्या डब्याचा बंदोबस्त आणखी स्वस्तात होतो. लांब पल्ल्याच्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ अशी पाटी असते. ती दिसली की स्टेशनवरच्या माणसाला कळतं की गाडी अख्खी आली. मॉडेलच्या शेवटच्या डब्याखाली वाटाण्याएवढं चुंबक चिकटवायचं आणि प्रत्येक भागाच्या टोकापुढे, गाडी पूर्ण बाहेर पडेल अशा जागी, रुळाखाली एक रीड स्विच. ते चुंबक वरून जाऊन स्विच मिटला, तरच मागचा भाग मोकळा धरायचा. चुंबक गळून पडलं किंवा स्विचची तार तुटली, तर मागून येणारी लोकल आपल्या लाल सिग्नलला उभी राहील, कोणी येऊन पाहीपर्यंत.