शिशुधान की वटवाघूळ? वस्तानच्या जीवाश्मांची दातांवरून पटलेली ओळख

चंडीगड : पोटावरील पिशवीत पिल्ले वाढविणारे शिशुधान सस्तन प्राणी आज प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि अमेरिका खंडांत आढळतात, भारतात त्यांचा नैसर्गिक अधिवास नाही. मात्र सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी ते येथे होते काय, या प्रश्नाच्या उकलीत चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधनाचाही वाटा आहे.

गुजरातमधील सुरत जिल्ह्यातील वस्तान लिग्नाइट खाणीत इओसीन युगाच्या आरंभीच्या लहान सस्तन प्राण्यांचे जीवाश्म विपुल प्रमाणात मिळाले. सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यांपैकी दोन प्रजातींचे, ‘इंडोडेल्फिस’ व ‘जेगेरिया’ यांचे, भारतातील पहिले शिशुधान जीवाश्म म्हणून वर्णन केले. दोन वर्षांनी बेल्जियमचे थिएरी स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील शोधनिबंधात वस्तानमधील वटवाघळांच्या सात जातींची नोंद झाली. त्यांत ‘जेगेरिया’चाही समावेश होता. पंजाब विद्यापीठातील ज्येष्ठ जीवाश्मतज्ज्ञ अशोक साहनी या निबंधाचे सहलेखक होते.

उडणाऱ्या वटवाघळाची शिशुधान प्राण्याशी गल्लत व्हावी, हे वरकरणी चमत्कारिक वाटते. परंतु इतक्या लहान प्राण्यांचे हाडांचे सांगाडे क्वचितच टिकतात. अभ्यासकांच्या हाती बहुधा जबड्याचे तुकडे आणि दात एवढेच लागतात. दातांचा आकार आहारानुसार घडतो. कीटकांचे कठीण कवच फोडण्यासाठी दोन्ही गटांतील कीटकभक्षकांच्या दाढांना टोकदार उंचवटे असतात. खालच्या दाढेच्या मागील भागातील दोन उंचवटे जिभेच्या बाजूस एकमेकांजवळ असणे, हे साम्यही दोहोंत दिसते.

जबडा अधिक पूर्ण मिळाल्यास भेद स्पष्ट होतो. शिशुधान प्राण्यांच्या जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात साधारणतः तीन उपदाढा व चार दाढा असतात. वटवाघळे ज्या गटात मोडतात त्या अपरायुक्त सस्तनांत दाढा बहुधा तीनच असतात. शिवाय बहुतेक शिशुधानांच्या खालच्या जबड्याचा मागील कोन आतल्या बाजूस वळलेला असतो.

दातांचा संबंध या प्राण्यांच्या जन्माशीही जोडला जातो. ऑस्ट्रेलियातील उंदराएवढ्या ‘डनार्ट’चा गर्भकाळ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेले पिल्लू पिशवीत शिरून स्तनाग्राला दीर्घकाळ चिकटून राहते. शिशुधानांचे दुधाचे दात जवळजवळ पडत नाहीत. केवळ शेवटची उपदाढ बदलते. स्तनाग्राला सतत चिकटून राहण्याचा हा परिणाम असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

या छोट्या मांसभक्षकांचे जीवनचक्रही विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियातीलच ‘अँटेकायनस’चे नर आयुष्यात एकदाच, काही आठवड्यांच्या हंगामात, प्रजनन करतात. त्या काळात तणावाच्या संप्रेरकाचे प्रमाण इतके वाढते, की रोगप्रतिकारशक्ती कोलमडते आणि एक वर्षाचे होण्याच्या सुमारास सर्व नर मरण पावतात. पुढे कीटकांचा सुकाळ असताना माद्या एकट्याच पिल्ले वाढवितात.

वस्तानच्या दातांची ओळख महत्त्वाची ठरते ती भूगोलामुळे. गोंडवनापासून विलग झालेला भारतीय भूखंड त्या सुमारास आशियाला भिडत होता. ‘इंडोडेल्फिस’ ज्या कुळात गणला जातो, त्याचे जीवाश्म उत्तर अमेरिका व युरोपातही मिळाले आहेत. त्यामुळे भारतातील शिशुधानांचे नाते ऑस्ट्रेलियापेक्षा उत्तरेकडील खंडांशी असण्याची शक्यता पुढे येते. याउलट ‘जेगेरिया’ शिशुधानांच्या यादीतून वगळला गेल्याने आशियातील सर्वांत प्राचीन वटवाघळांच्या समूहात भर पडली. काही मिलिमीटरच्या दाताचे वर्गीकरण बदलले, की प्राण्यांच्या स्थलांतराचा नकाशाही नव्याने आखावा लागतो.