निवृत्तीनंतरचे काम : निवड कशी करावी?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात निवृत्तीवर लेख पाहून काही मित्र हसतील. ज्यांना अजून पहिली नोकरी मिळायची आहे, त्यांनी शेवटच्या नोकरीनंतरचा विचार कशाला करायचा? परंतु आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा आज पंचावन्न ते साठ या वयाचे आहेत. आपण पदवी घेऊन बाहेर पडू, त्याच सुमारास ते सेवानिवृत्त होतील. म्हणजे एकाच घरात एकाच वेळी दोन माणसे काम शोधू लागतील. एक आयुष्यभराचे आणि दुसरा दोन-चार तासांचे. पहिल्या शोधाबद्दल आपल्याला व्याख्याने ऐकायला मिळतात, मार्गदर्शन शिबिरेही होतात. दुसऱ्या शोधाबद्दल कोणीच बोलत नाही. म्हणून हा लेख.

निवृत्तीचे वय निसर्गाने ठरवलेले नाही, ते माणसाने ठरवले आहे. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कच्या काळात वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यातले वय सत्तर होते. १९१६ साली ते पासष्टवर आणले गेले. आपल्या केंद्र सरकारच्या नोकरांचे वय १९६२ साली पंचावन्नवरून अठ्ठावन्न आणि १९९८ साली अठ्ठावन्नवरून साठ झाले. इकडे आयुर्मानही वाढले. साठी गाठलेल्या भारतीय माणसापुढे आज सरासरी सतरा-अठरा वर्षे असतात. शाळेच्या पहिलीपासून पदवीपर्यंत आपण जेवढी वर्षे घालवतो, त्याहून हा काळ मोठा आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळचा साठीचा माणूस आणि आजचा साठीचा माणूस यांत फार अंतर पडले आहे.

आता पैशाचा प्रश्न. निवृत्त माणूस म्हणजे निवृत्तिवेतनावर सुखाने जगणारा, असे चित्र आपल्या मनात असते. ते जुन्या सरकारी नोकराचे चित्र आहे. महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी योजना लागू राहिली नाही. कारखाने, गिरण्या, खाजगी कार्यालये आणि अनेक महामंडळे यांतील कामगार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. तिचे सूत्र सोपे आहे : वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. परंतु यातले वेतन खरे वेतन नसते, त्याला मर्यादा असते. २०१४ साली ती मर्यादा १५,००० रुपये ठरली. म्हणजे या मर्यादेवर पस्तीस वर्षांची सेवा धरली तरी उत्तर येते ७,५०० रुपये. त्याच वर्षी किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरवण्यात आले. हे आकडे पाहिले म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा काम का शोधतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र काम शोधण्यामागे पैसा हे एकच कारण नसते. तीस वर्षे सकाळी ठरावीक वेळी डबा घेऊन निघालेल्या माणसाला अचानक कोठेच जायचे नसते. चौकात ‘काय साहेब, आज लवकर?’ असे विचारणारे उरत नाहीत. घरात त्याचा वेळ सगळ्यांचाच होतो. विजेचे बिल, गॅसचा नंबर, नातवाला शाळेत सोडणे, पाहुण्यांना स्टँडवरून आणणे ही सारी कामे आपसूक त्याच्याकडे येतात. ती करायला हरकत नाही, पण त्यांना कोणी काम म्हणत नाही. बाहेरचे दोन तासांचे काम मिळाले की त्या माणसाचा दिवस पुन्हा आकार घेतो.

येथे मुख्य प्रश्न येतो. काम हलके असावे असे सगळेच म्हणतात. पण हलके म्हणजे काय? आपण समजतो की ज्यात अंगमेहनत कमी, ते हलके. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. १९६७ पासून ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा मोठा अभ्यास झाला. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावरून तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर मोठ्या जबाबदाऱ्या, म्हणून हृदयविकार त्यांना जास्त असेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. आढळले उलटेच. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून केलेल्या पुढच्या अभ्यासात एक महत्त्वाचा धागा हाती लागला : ज्याला आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसतो, त्याला धोका अधिक. अमेरिकेतील रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली हेच वेगळ्या रीतीने मांडले होते. कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार थोडा, ही जोडी माणसाला पोखरते.

निवृत्तांच्या बाबतीत याचा अर्थ मी असा घेतो : ज्या कामाला ‘आज जमणार नाही’ असे म्हणता येते, ते हलके काम. बागेत दोन तास खुरपणारा घामाघूम होईल, पण ऊन वाढले की तो सावलीत बसू शकतो. खुर्चीवर नुसते बसून राहण्याचे काम करणाऱ्याला मात्र उठून घरी जाता येत नाही.

हे सूत्र ध्यानात ठेवून, काम पत्करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, वेळ कोणाच्या हाती आहे? दुसरा, दुसऱ्याचा पैसा आपल्या हातातून जाणार आहे काय, आणि कमी पडल्यास तो कोणी भरायचा? तिसरा, शरीराच्या ज्या भागाने आधीच्या नोकरीत झीज सोसली, त्याच भागावर पुन्हा भार येणार काय? चौथा, सोडावेसे वाटले तर आठ दिवसांत सोडता येईल काय? पगाराचा प्रश्न या चारांनंतर यावा.

आता आपल्या तालुक्याच्या गावी मिळणारी कामे या कसोटीवर लावून पाहू.

सर्वांत सहज मिळणारे काम म्हणजे पहारेकऱ्याचे. पतसंस्था, मंगल कार्यालय, बांधकामाची जागा, नव्या सोसायट्या, सगळीकडे माणूस हवा असतो आणि वयस्कर माणसावर विश्वास असतो. लोक म्हणतात, ‘खुर्चीवर तर बसायचे!’ पण ही पाळी बहुधा बारा तासांची असते. आठवड्याचे सातही दिवस धरले तर चौऱ्याऐंशी तास झाले. आपल्या कामगार कायद्यांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेले माप आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे आहे. म्हणजे निवृत्त माणूस नोकरीत होता त्याहून जास्त तास निवृत्तीनंतर भरू लागतो. त्यात रात्रपाळी असली तर झोप, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा सगळेच बिघडते. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. खाजगी सुरक्षा एजन्सीकडे २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना असावा लागतो आणि त्याच कायद्यात रक्षकाचे वय पासष्टच्या आत असावे असे म्हटले आहे. सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थाला जो रक्षक म्हणून ठेवतो, तो त्याची नोंद कशी करीत असेल, आणि अपघात झाल्यास ती कितपत उपयोगी पडेल, याचा विचार घरच्यांनी करावा.

माझे वडील बसवाहक होते. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी एका एजन्सीमार्फत असाच रात्रीचा पहारा केला. गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापले गेले. बदली माणूस आला नाही की सकाळची पाळीही त्यांनाच करावी लागे. एकतीस वर्षे उभे राहून गुडघे आधीच गेलेले. त्यात दर तासाला आवाराची फेरी आणि वहीत नोंद. शेवटी आईच म्हणाली, ‘अहो, नोकरी संपली म्हणून पेढे वाटले ना आपण? मग ही कोणती चालू आहे?’

त्यानंतर त्यांच्याकडे पतसंस्थेच्या पिग्मीचे काम चालून आले. दुकानोदुकानी फिरून रोजची ठेव गोळा करायची आणि त्यावर कमिशन घ्यायचे. ओळखी भरपूर, हिशेब चोख, तेव्हा हे काम त्यांच्यासाठीच आहे असे सगळ्यांचे मत पडले. त्यांनी नकार दिला. ‘एकतीस वर्षे दुसऱ्याचे पैसे मोजले. रात्री हिशेब जुळेपर्यंत घास उतरत नसे. आता ते नको,’ एवढेच ते म्हणाले. वर सांगितलेला दुसरा प्रश्न मी त्यांच्या या उत्तरावरून शिकलो. पिग्मीचे काम वाईट आहे असे नव्हे. पण त्यात पाऊस असो, ताप असो, रोज फिरावे लागते, आणि खिशात लोकांचा पैसा असतो. शिवाय संस्था अडचणीत आली तर ठेवीदार प्रथम ज्याच्या दारी येतो तो पिग्मी गोळा करणाराच.

याहून फसवे काम म्हणजे मानाचे काम. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त बँक अधिकारी यांना पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आग्रहाने नेले जाते. महिन्याला एक बैठक, चहा आणि सह्या, एवढेच त्याचे स्वरूप दिसते. परंतु १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः निश्चित होऊ शकते. न वाचता केलेली सही आयुष्यभराची पुंजी धोक्यात आणू शकते. ज्याला ताळेबंद वाचायला वेळ आणि प्रश्न विचारायला धैर्य आहे, त्याने जरूर जावे. केवळ नावासाठी जाऊ नये.

मग उरते काय? बरेच उरते. गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे त्यांना अनुदान मिळते. तेथे संध्याकाळचे दोन-तीन तास पुस्तके देणे-घेणे, फाटलेली पुस्तके चिकटवणे, नोंदी करणे, यासाठी माणूस लागतो. मानधन तुटपुंजे, पण पैशाची जोखीम नाही आणि चार वाचणारी माणसे भेटतात. ज्याचे अक्षर चांगले आणि कचेरीचा अनुभव दांडगा, त्याने बँकेजवळ किंवा तहसील कचेरीजवळ अर्ज भरून देण्याचे काम करावे. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी वृद्धांची गर्दी होते. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर संगणकाद्वारेही देता येतो, पण ते समजावून सांगणारा माणूस हवा असतो. शिक्षकांना शिकवणी आहेच. मात्र दहावीच्या मुलांच्या टक्केवारीचा बोजा डोक्यावर न घेता पाचवी-सहावीच्या मुलांचे गणित घ्यावे. छापखान्यांना मुद्रिते तपासणारे हवे असतात. ते काम घरी बसून होते, डोळे तेवढे धड हवेत. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी रोपांच्या पिशव्या भराव्यात. वडील सध्या एका आडत दुकानात दुपारी तीन ते पाच बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या तपासतात. बेरीज त्यांची, पैसा दुकानदाराचा. बाजार बंद असेल त्या दिवशी सुट्टी. पहाऱ्याला मिळत त्याच्या तिसरा हिस्सा पैसे मिळतात आणि औषधांचा खर्च निघतो.

स्वतःचा धंदा काढावा काय, असेही विचारले जाते. माझे मत स्पष्ट आहे : ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम धंद्यात घालू नये. ती प्रथम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या सुरक्षित जागी ठेवावी. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेत दर तीन महिन्यांनी व्याज मिळते आणि २०२३ साली तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली. व्याज किती येते ते पाहावे, घरखर्च मांडावा आणि जी तूट उरेल तेवढ्यापुरतेच काम शोधावे. तूट तीन हजारांची असताना दहा हजारांच्या कामामागे धावून उरलेली तब्येत खर्च करणे, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी तोट्याचा व्यवहार वाटतो.

आता आपल्या बाजूचा प्रश्न. जुलै २०२३ मध्ये शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचे ठरवले. डी.एड., बी.एड. होऊन बसलेल्या तरुणांनी त्याला विरोध केला. मला तो विरोध रास्त वाटतो. पण त्यासाठी निवृत्तांना दोष द्यावा असे वाटत नाही. ज्या कामावर एका तरुणाचा संसार उभा राहू शकतो, ते पूर्ण वेळाचे काम तरुणालाच मिळावे. ज्या दोन तासांच्या कामावर कोणाचाच संसार चालणार नाही, ते निवृत्तांचे. हलक्या कामाची जी व्याख्या वर केली, ती पाळली तर हा तंटा पुष्कळसा आपोआप मिटतो. निवृत्त माणूस स्वतःचे तास जपतो, तेव्हा तो नकळत आपलीही जागा मोकळी ठेवतो.

शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. घरात कोणी निवृत्त होणार असेल तर ‘आता काय करणार?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नका. तीन महिने जाऊ द्या. मग काम ठरले तर प्रथम एक महिन्याच्या बोलीवर करू द्या. वेळ, पैसे, सुट्टी या तीन गोष्टी साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या. हा कागद लिहिण्याचे काम मात्र आपण करावे. त्यांनी आपल्या प्रवेशाचे अर्ज भरले होते. त्यांचा हा एक अर्ज आपण भरायला हवा.