समुद्राच्या पोटातल्या लाटा

लाटा म्हटलं की किनाऱ्यावर फुटणाऱ्या, फेसाच्या लाटा आठवतात. पण समुद्राच्या पोटातसुद्धा लाटा असतात, बरं का! आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी या लाटा समजायला आपली विहीर पुरते.

उन्हाळ्यात विहिरीत पोहताना वरचं पाणी कोमट लागतं आणि खाली पायांना गार लागतं. ऊन वरचेच पाणी तापवते. कोमट पाणी हलके म्हणून वर राहते, गार पाणी जड म्हणून खाली राहते. समुद्रातही असेच थर असतात. वरचा थर आणि खालचा थर यांच्या मध्ये जी लाट उठते, तिला अंतर्गत लाट म्हणतात.

ती उठते कशी? अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. तिथे डोंगर संपतो आणि खाली खोल कोकण दिसते. समुद्राच्या तळालाही अशी कड आहे. मुंबईपासून सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत समुद्र उथळ आहे. पुढे तळ उतरत उतरत हजारो मीटर खोल जातो. हा उतार कड्यासारखा उभा नाही, पण फार मोठा आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. भरतीचे पाणी उताराला लागले की त्याला वर चढावे लागते. त्याबरोबर खालचा गार थर उचलला जातो. ओहोटीला तो परत खाली येतो. असं वरखाली झालं की लाट तयार होते. काही लाटा किनाऱ्याकडे जातात, काही खोल समुद्राकडे.

या लाटा फार उंच असतात. का ते सांगतो. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी लागते. बाहेर आली की जड होते. तसंच गार पाणी कोमट पाण्यात उचलायला थोडाच जोर लागतो. अंदमानच्या समुद्रात ८० मीटरपर्यंत उंच लाटा मोजल्या आहेत. भंडारदरा धरणाची भिंत ८२ मीटर आहे, म्हणजे बघा! पण त्यांची चाल सावकाश. मोठी लाटसुद्धा सेकंदाला सुमारे दोन मीटर जाते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. वर मात्र नुसते खळबळीचे पट्टे दिसतात.

या लाटांचा उपयोग काय? उतारावर लाट फुटली की खालचे पाणी वर मिसळते. शेतात नांगराने खालची माती वर येते ना, तसंच. खालच्या पाण्यात खतासारखे क्षार असतात. ते उजेडात आले की बारीक वनस्पती वाढतात आणि माशांना खाणे मिळते. मासे मिळाले तर कोळ्यांची चूल पेटते. पण समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्यांना या लाटांपासून जपावे लागते, कारण त्या खोदकामाच्या नळ्यांना जोराने ढकलतात.

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञ दोराला यंत्रे बांधून समुद्रात सोडतात आणि आतल्या पाण्याचा वेग मोजतात.

आपणही लाट पाहू शकतो. काचेच्या बाटलीत अर्धे शाईचे पाणी घ्या. वर काठोकाठ गोडेतेल भरा. बूच घट्ट लावा. बाटली आडवी धरून एक बाजू हळूच उचला. तेलाखाली निळी लाट सावकाश चालताना दिसेल. पालकांनीही करून पाहावे.

— इयत्ता ४ थी